बेडकाचं काय झालं?

गिरजाकाकींनी आयुष्यात एकदाही स्टेजवर पाय ठेवला नाही. तरी गोंदियाजवळच्या मुर्रीत कुठलाही कार्यक्रम होवो, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतला खेळ असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की कोणाच्या लग्नातला ऑर्केस्ट्रा, तो रंगला की वाया गेला हे काकींनी सांगितल्याशिवाय ठरत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कार्यक्रमातलं कोणी ना कोणी काकींच्या फाटकाशी उगाच रेंगाळायचं. आधी धानाची चौकशी व्हायची, मग म्हशीची, आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं, "काकी, कालचं कसं वाटलं?"

काकी हातातलं सूप खाली ठेवायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवायच्या.

"खरं सांगू का बरं सांगू?"

बरं सांगा असं म्हणायची हिंमत मी कोणात पाहिली नाही. खरं ऐकून माणसं पाय ओढत परत जायची, पण पुढच्या वर्षी पुन्हा त्याच फाटकाशी हजर असायची. काकींनी एकदा "बेस" म्हटलं की तो माणूस वर्षभर छाती काढून फिरे. त्यांच्या तोंडून "बेस" निघणं फार दुर्मीळ होतं.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले ती माझी मुलगी मिनू हिला घेऊन. नवऱ्याची नोकरी नागपूरला होती आणि माझी शाळा आमगाव रस्त्यावर. पहिल्याच रविवारी मी कपडे वाळत घालताना गुणगुणत होते. खालून आवाज आला, "मॅडम, तुमाले दुसरं कडवं येत नाही का? कवाची एकच ओळ घोकून राहिल्या!" मला खरंच येत नव्हतं. पाठ करून पुढच्या रविवारी म्हटलं, तेव्हा खालून काही आलं नाही. ती पसंतीची पावती होती हे मला पुढे कळलं.

काकी पवार घराण्यातल्या. घरात पवारी बोलायच्या, माझ्याशी झाडीपट्टीतली मराठी, भाजीवाल्याशी हिंदी, आणि रागावल्या की तिन्हींची भेळ. आमच्या भागात बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. काकींच्या तोंडी तर ते इतकं शोभायचं की 'मी येते' म्हणणारी मीच मला मिळमिळीत वाटायला लागले. घरामागे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे होते, पलीकडे राईस मिलची धडधड, आणि वाफवलेल्या धानाचा तो आंबूस वास. या सगळ्यात काकी सुखात होत्या. पाच एकर जमीन, शब्दाला मान देणारा नवरा आणि स्वतःचं मत. आणखी काय लागतं, असं त्या विचारायच्या.

कार्यक्रम पाहायला जाताना काकी गोणपाटाचा बोरा घेऊन जायच्या. चारी कडा लाल दोऱ्यानं शिवलेल्या असल्यामुळे तो ओळखू यायचा. दुपारीच जाऊन त्या तो जागेवर अंथरून यायच्या आणि मग कोणाची टाप नव्हती तो सरकवायची. जागा मात्र पुढची नसे. पेटीवाल्याच्या बाजूला, थोडी तिरपी. तिथून स्टेज नीट दिसत नाही, असं मी म्हटलं तर हसल्या.

"स्टेज अर्धं दिसते ना, पुरे झालं. बाकीच्या अर्ध्या डोळ्यानं मी लोकाईले पाहातो. नाच्या कसा नाचून राहिला ते पाहणाऱ्याच्या तोंडावर जास्त दिसते, मॅडम."

त्यांचा एकच नियम होता. एकदा बोऱ्यावर बसलं की संपेपर्यंत उठायचं नाही. कितीही वाईट असो, कंटाळा येवो, पाय बधीर होवोत. "तो तठी उभा आहे ना? मंग मी काऊन उठू?" एवढाच त्यांचा युक्तिवाद. आणि संपेपर्यंत म्हणजे आभारप्रदर्शन संपेपर्यंत. ज्यानं आयुष्यात एकदा तरी आभारप्रदर्शन केलंय त्याला या वाक्याची किंमत कळेल. शाळेत मी नवीन असल्यामुळे ते काम कायम माझ्या गळ्यात पडायचं. अध्यक्ष गाडीत बसलेले, पोरं चिवड्याच्या रांगेत, खुर्च्यावाला माझ्या समोरच खुर्च्या एकात एक घालतोय, अशा परिस्थितीत मी मंडपवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचे आभार मानायचे. ऐकायला एकट्या काकी. दुसऱ्या दिवशी अभिप्रायही मिळायचा. "लाईटवाल्याचं नाव राहिलं."

एकदा शाळेच्या संमेलनात भर दुपारी अवकाळी पाऊस आला. पालक मुलांना काखोटीला मारून पळाले, पाहुणे हेडमास्तरांच्या खोलीत शिरले. पाचवीच्या मुली नऊवारीत, डोळ्यांत पाणी घेऊन पडद्यामागे उभ्या. मैदानात काकी बोरा डोक्यावर घेऊन बसलेल्या. हेडमास्तर छत्री घेऊन धावत गेले, "काकी, चला, कार्यक्रम रद्द!"

"रद्द काऊन? पोरी बाकी आहेत ना अजून."

हेडमास्तरांनी पोरींकडे पाहिलं, पोरींनी काकींकडे पाहिलं, आणि वायर ओली झालेली म्हणून गाण्याशिवायच, स्वतःच म्हणत म्हणत, त्या मुली नाचल्या. एका बाईसाठी. काकींनी नंतर सांगितलं की डावीकडची दुसरी पोरगी मोजून पाऊल टाकत होती, तिनं मोजणं सोडावं. त्या पोरीनं मोजणं सोडलं आणि पुढच्या वर्षी ती सगळ्यांच्या मध्ये उभी होती.

घरोघरी स्मार्टफोन आले तसा काकींच्या मताला पंख फुटले. वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना टाइप करणं जमेना, म्हणून नातवानं त्यांना बोलून पाठवायला शिकवलं. मग काय विचारता. अमक्याच्या लग्नाचा बँड, तमक्याचं भाषण, सप्त्यातलं कीर्तन, सगळ्यावर काकींचा आवाज यायला लागला. प्रत्येक वेळी सुरुवात "आयका" आणि शेवट "झालं". एका पुढाऱ्याच्या भाषणावर त्यांनी एवढंच पाठवलं होतं, "आयका. मुद्दा पहिलेच संपला होता, मंग माणूसच उरला, तो बोलत राहिला. झालं." हे भाषणवाल्यापर्यंत पोचलं आणि तो म्हणे हसला. नसेल हसला, पण पुढचं भाषण आटोपशीर झालं हे खरं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मिनूनं सिनेमाचा हट्ट धरला. गोंदियात नवीन पडद्यावर जनावरांचा सिनेमा लागला होता, इंग्रजीतून हिंदीत केलेला. एक मोठं जहाज, त्यावर गाण्याची स्पर्धा, आणि जगभरची जनावरं गायला-नाचायला येतात. कोणाला घरून विरोध, कोणाला स्टेजची भीती, कोणाला कोणीच विचारत नाही. शेवटी सगळं जहाज टाळ्यांनी दणाणतं. मी काकींनाही चला म्हटलं. त्या निघाल्या आणि काखेत बोरा.

"काकी, तिथं गादीची खुर्ची असते."

"असू द्या ना. त्याच्यावर अंथरीन."

आणि अंथरला. कडेची सीट मागून घेतली, अंग वळवून तिरप्या बसल्या आणि अख्खा सिनेमा अर्धा पडद्यावर आणि अर्धा मागच्या रांगांच्या चेहऱ्यांवर पाहिला. मागच्या एका बाईनं पदर सावरला. तिला वाटलं, या आजी आपल्याकडेच का बघतायत.

शेवटची नावं वर सरकत होती तेव्हा झाडूवाला आला तरी काकी हलल्या नाहीत. "कोणाकोणाचे आभार आहेत ते होऊ द्या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मतांचा पाऊस पडला, कारण वस्तीतल्या बऱ्याच जणांनी मुलांना नेलं होतं. मेडिकलवाल्यानं लिहिलं, चित्रं झकास, गाणी बरी, पॉपकॉर्न नरम. रेल्वेतून निवृत्त झालेल्या गार्डसाहेबांनी लिहिलं, नव्या पिढीनं अवश्य पाहावा, जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही. त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता हे नंतर कळलं. मी शिक्षिकेला साजेसं काहीतरी लिहिलं, मुलांमध्ये आत्मविश्वास वगैरे. मग काकींचा आवाज आला. मी तो इतक्यांदा ऐकलाय की पाठ आहे.

"आयका. सिनेमा पाह्यला. जनावरं चांगले होते. गेंड्याचा आवाज जाडा होता, पण सुरात होता, त्याले नावं ठेवाचं काम नाही. शहामृगीन नाचली बेस, पण आपून बेस नाचून राहिलो हे तिले जास्तच मालूम होतं. उंटाले काईच येत नव्हतं, त्याले मॅनेजर केला, ते बराबर आहे. आता पाहणाऱ्याईचं सांगतो. जहाजावरचे पाहणारे समदे खोटे. एकाच टायमाले उठले, एकाच टायमाले रडले. असे पाहणारे कुठं राहतेत का? एखादा तरी झोपला पाहिजे. एखादीचं लेकरू किरकिरलं पाहिजे. आन् मले एक सांगा कोणीतरी. पहिले तो बेडूक आला होता, मफलरवाला. दोन-तीन सूर लावले नाही त त्याले आकडा टाकून ओढून नेलं. लोक हासले. मंग पुरा सिनेमा गेला, तो कुठंच दिसला नाही. त्या बेडकाचं काय झालं? झालं."

मेडिकलवाल्यानं हसणारा चेहरा टाकला. खाली लिहिलं, काकी, तो कॉमेडी सीन होता.

काकींचं उत्तर लगेच आलं. "त्याच्यासाठी नव्हता ना."



मला वाटलं, विषय संपला. पण तो बेडूक काकींच्या घरात राहायला आला. तांदूळ निवडताना, भजी तळताना, कुठेही त्यांना तो आठवायचा. "गाणं पुरं त होऊ द्याचं होतं. वाईट होतं त वाईट होतं. पुरं झाल्यावर सांगा ना." पावसाळ्यात मागच्या बांधीत बेडूक ओरडायला लागले की त्या समाधानानं म्हणायच्या, "ह्याईले बरं आहे. आकडा टाकाले कोणी येत नाही."

मला माझं मानसशास्त्र पाजळायची हुक्की आली. डी.एड.ला थोडं शिकलेलं होतं. एका दुपारी मी आवाज हळू करून विचारलं, "काकी, तुम्हाला लहानपणी गायचं होतं ना? कोणी गाऊ दिलं नाही, असं काही?"

काकी माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की मला खाली कुठे तरी लपावंसं वाटलं.

"नाही जी! मले कायले गाचं होतं? मले पाहाचंच होतं. समदेच गाले लागले त आयकन कोण? तुमी मास्तर लोक प्रत्येकाच्या पोटात रडणं शोधून राहिल्या." आणि वर, "चहा ठेवतो का, तुमीच ठेवता?"

मी ठेवला.

आता झाडूजींबद्दल सांगायला हवं. मुर्रीच्या दुसऱ्या टोकाला, बांध्यांच्या पलीकडे त्यांचं घर. वय सत्तरीच्या पुढे, अंग वेताच्या काडीसारखं. तरुणपणी दंडारीत बाईचं काम करायचे. दंडार म्हणजे आमच्याकडचा मंडईतला नाचगाण्याचा खेळ, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरली की उन्हातच उभा राहायचा, आणि त्यात बायांची कामं पुरुषच करत. झाडूजींची गौळण पाहायला आमगावपर्यंतची माणसं यायची. काकी सांगायच्या की लग्न होऊन त्या मुर्रीत आल्या तेव्हा गावातल्या बायका पदर सावरायचा झाडूजीकडून शिकल्या होत्या. "आमची सासू म्हणे, त्या झाडूवानी घे पदर, असा गबाळा नको घेऊ." झाडूजी काकींना वैनी म्हणायचे. काकींच्या आयुष्यातल्या मोजक्या "बेस"पैकी बरेचसे त्यांच्या वाट्याला आलेले होते. पण दंडार बंद पडून वर्षं लोटली होती.

त्या वर्षी मंडईच्या कमिटीत पोरं आली. त्यांचा म्होरक्या अंकुश, मोबाईलच्या दुकानाचा, पोरगा उमदा. पण स्टेजवर यायला इतके जण इच्छुक झाले की त्यानं टीव्हीवर पाहून 'ट्रायल' ठेवली. परीक्षक कोण? वाद व्हायचं कारण नव्हतं. काकी तयार झाल्या. बोरा काखेत घेऊन समाजभवनात पोचल्या, तर टेबल, टेबलावर चादर, खुर्ची, पाण्याची बाटली आणि घंटी.

"काकी, आज खुर्चीवर बसा. परीक्षक बोऱ्यावर बसत नाहीत," अंकुश म्हणाला.

बोरा दाराशी घडी घालून ठेवला गेला. काकी खुर्चीवर बसल्या, आणि मी मागच्या बाकावर.

सकाळ मजेत गेली. कोणी सिनेमाच्या गाण्यावर नाचलं, कोणी नकला केल्या. काकी खरं सांगत होत्या, लोक हसत होते, ज्याला सांगितलं तोही हसत होता. मग दारातून झाडूजी आले. इस्त्रीचं धोतर, धुतलेला सदरा, डोळ्यांत काजळाची बारीक रेघ. हातात कापडी पिशवी. त्यांनी खाली बसून पिशवीतले घुंगरू काढले, पायांत बांधले, पेटी नाही म्हणून स्वतःच सूर धरला आणि गौळण सुरू केली.

आवाज पहिल्याच चढावर फाटला. त्यांनी तो पुन्हा उचलला, पुन्हा फाटला. दाराशी उभी असलेली पोरं फसकन हसली. एकानं मोबाईल वर धरला. हसू खोलीभर पसरायला लागलं, आणि झाडूजी डोळे मिटून गातच होते.

काकींनी हात वर केला. "बस. बस झालं, झाडूजी. आवाज गेला तुमचा."

घुंगरू थांबले. झाडूजींनी डोळे उघडून काकींकडे पाहिलं. मग खाली बसले, घुंगरू सोडले, पिशवीत भरले. "बराबर आहे, वैनी," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. अंकुशनं पुढचं नाव पुकारलं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर काकींचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक वाट पाहात होते, मेडिकलवाल्यानं विचारलंसुद्धा, काकींची तब्येत बरी आहे ना? तब्येत उत्तम होती. काकी गप्प होत्या, आणि त्या गप्प असल्या की घरातलं मांजरसुद्धा दबून वागायचं.

इकडे झाडूजी चहाच्या टपरीवर यायचे बंद झाले. रोज सकाळी कडुनिंबाची काडी चावत गावाला फेरी मारणारा माणूस अंगणाबाहेर पडेना. त्यांची सून दळणाला जाताना फाटकाशी थांबून सांगून गेली, बाबांनी घुंगरू कालवडीच्या गळ्यात बांधले. म्हणाले, हिले तरी शोभतील.

हे ऐकून काकी चुलीपुढून उठल्याच नाहीत. मला राहवेना. मी म्हटलं, "काकी, जाऊन सांगा ना त्यांना, चांगलं झालं होतं म्हणून. एवढं एक खोटं बोललात तर काय बिघडतं? म्हातारा माणूस आहे."

"खोटं सांगू? मंग त्याले माह्ये पहिलेचे समदे बेसही खोटेच वाटतील ना. आन् त्याले समजत नाही का? गळा त्याचाच आहे." काकी थोडा वेळ निखारे सारत राहिल्या. "लोक हासून राहिले होते, म्हणून थांबवलं मी. वाटलं, जास्त हासू होऊ नाही त्याचं. मत बराबर होतं, मॅडम. पण गाणं पुरं व्हाच्या पहिले दिलं. जलमभर बोऱ्यावरून उठली नाही, आन् खुर्चीवर बसली त उठली."

खुर्चीवरून त्या उठल्या नव्हत्या, मी पाहिलं होतं. पण त्या काय म्हणताहेत ते मला कळलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी खालून हाक आली. "मॅडम, गाडी काढा."

काकी फाटकाशी उभ्या होत्या, काखेत बोरा. कुठे जायचंय ते मी विचारलं नाही. स्कूटीवर मागे बसून त्या बांध्यांच्या मधल्या रस्त्यानं निघाल्या. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, पेंढ्या बांधायचं काम चाललं होतं, आणि बांधावरच्या बायका काकींना हाका मारत होत्या. काकींनी एकीलाही उत्तर दिलं नाही.

झाडूजी अंगणात बनियनवर बसून दोर वळत होते. काकींनी त्यांच्यासमोर बोरा अंथरला आणि मांडी घालून बसल्या. मी फाटकाशीच थांबले.

"कायले आल्या, वैनी?"

"आयकाले."

"आयकलं ना तुमी त्या दिवशी."

"अर्धं आयकलं. अर्ध्यावर मी कधी उठतो का? तुमाले मालूम आहे. म्हणा आता पुरं."

"आवाज गेला म्हणाल्या ना?"

"गेलाच आहे. मी कुठं म्हणतो, वापस आला म्हणून? तुमी म्हणा."

झाडूजी दोर वळत राहिले. कालवडीनं मान हलवली, घुंगरू वाजले. झाडूजींनी तिकडे पाहिलं. मग दोर बाजूला ठेवून उठले, कालवडीच्या गळ्यातून घुंगरू सोडले, धोतराला पुसले आणि पायांत बांधायला बसले. गाठ पटकन बसेना म्हणून वेळ लागला. काकींनी मदत केली नाही की घाईही केली नाही.

खांद्यावरचा गमछा डोक्यावरून घेऊन झाडूजींनी गौळण सुरू केली. सिनेमा असता तर आवाज परत आला असता. इथे तो त्याच जागी फाटला, आणखीही दोन-चार ठिकाणी फाटला. पण सगळी कडवी झाली. मधल्या एका कडव्याला गमछ्याचा पदर दातात धरून त्यांनी मान अशी काही वळवली की सत्तरीचा म्हातारा कुठे गेला ते मला कळलं नाही. सून कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. मी मुद्दाम काकींकडे पाहिलं, त्यांच्याच रीतीनं, पाहणाऱ्याच्या तोंडाकडे. त्या हसत नव्हत्या, रडत नव्हत्या. पाहात होत्या.

झाडूजींनी वाकून नमस्कार केला.

"झालं?" काकींनी विचारलं.

"झालं."

"आवाज गेला, झाडूजी."

"मालूम आहे, वैनी."

"पदर बेस आहे अजून."

झाडूजी हसायला लागले. काकीही हसायला लागल्या. दोघं इतकं हसले की कालवड बिचकली.

"मंग मंडईत म्हणू का?" झाडूजींनी डोळे पुसत विचारलं.

"ना. त्या डीजेपुढं तुमचा आवाज पोचाचा नाही. तुमी माह्यासंगं बोऱ्यावर बसा."

"मले पाहाची सवय नाही जी. मी समदं तिकडूनच पाह्यलं."

"सोपं नाहीच आहे ते. शिकवतो मी."

संध्याकाळी ग्रुपवर काकींचा आवाज आला. "आयका. झाडूजीचं गाणं आज पुरं आयकलं. आवाज नाही. पदर आहे. ज्यानं मोबाईलमदी अर्धं धरलं असन, त्यानं ते पुसून टाका. झालं." बेडकाचं काय झालं, हे त्यानंतर काकींनी कधी विचारलं नाही.

उन्हाळ्यात माझी बदली भंडाऱ्याकडे झाली. पण त्यानंतरच्या मंडईला अंकुशचा फोन आला, मॅडम, आभाराला तुम्हीच पाहिजे. हे कौतुक होतं की अडचण, मला अजून उमगलेलं नाही, पण मी गेले. त्यानंतर मुर्रीला जाणं झालं नाही, म्हणून काकी मला त्या दिवशीच्याच दिसतात.

उन्हं कलली होती. शेवटचा नाच संपला आणि नेहमीप्रमाणे मैदान उठलं. मी माईक हातात घेईपर्यंत माणसं भज्यांच्या कढईभोवती आणि पाळण्यांकडे गेली होती. मी आभार मानायला लागले. सरपंच, कमिटी, मंडपवाले, आणि आठवणीनं लाईटवाला. पेटीवाल्याच्या बाजूला, थोडा तिरपा, लाल कडांचा बोरा होता. त्याच्यावर दोघं बसलेली. काकींचा चष्मा कपाळावर, झाडूजींच्या डोळ्यांत काजळ.

शेवटी प्रेक्षकांचे आभार मानायचे असतात. एरवी ते वाक्य मी रिकाम्या मैदानावर उरकून टाकायचे. त्या दिवशी मी ते बोऱ्याकडे पाहून म्हणायला घेतलं आणि मध्येच थांबले. झाडूजींना वाटलं संपलं. ते गुडघ्यावर हात टेकून अर्धे उठलेही. काकींनी माझ्यावरची नजर न काढता त्यांच्या धोतराचा सोगा धरला आणि त्यांना खाली ओढलं.

"बसा," काकी म्हणाल्या. मैदान इतकं रिकामं होतं की मला स्टेजवर ऐकू आलं. "मॅडमचं पुरं व्हाचं आहे अजून."